सायकलस्वाराचे दीड मीटर

सायकलच्या किती जवळून मोटार न्यावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. ज्या व्यासपीठावरून उपनिषदांपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला जातो, तेथे एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहून रस्त्यावरच्या चार-पाच फुटांचा हिशेब मांडावा, हे थोडे विचित्र दिसेल. परंतु ज्याला पहाटे घर सोडून सातच्या पाळीला सायकलवर पोहोचावयाचे असते, त्याचा सारा संसार त्या चार-पाच फुटांवर अवलंबून असतो. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे शास्त्रीय परिभाषा आमच्याजवळ नाही. पण इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या पोलिसांनी २०१६ साली या चार-पाच फुटांसाठी जी मोहीम काढली, तिच्याविषयी वाचीत असता आम्हांस असे वाटले की, कारखान्यातील सुरक्षिततेविषयी कामगार चळवळ जे पिढ्यान् पिढ्या सांगत आली, तेच येथे रस्त्यावर सांगितले जात आहे. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. मागून येणारी मोटार, बस किंवा ट्रक सायकलस्वाराला अगदी खेटून पुढे निघून जाते, त्याला आपल्याकडे ‘कट मारणे’ म्हणतात. धक्का लागला नाही तर मोटारवाल्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. तो पुढच्या सिग्नलला पोहोचेपर्यंत सायकलवाल्याला विसरलेलाही असतो. सायकलवाल्याची गोष्ट निराळी. सायकल ही सरळ रेषेत चालत नाही. ती तोल सांभाळीत किंचित डावी-उजवीकडे होत चालते, आणि चढावर किंवा मागे डब्याची पिशवी बांधलेली असली म्हणजे अधिकच होते. शिवाय वाटेत गटाराचे झाकण असते, खड्डा असतो, कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडते. या प्रत्येक वेळी हातभर बाजूला होण्यास जागा लागते. ती जागा मोटारीने खाल्लेली असली तर सायकलवाल्याला खड्ड्यात पडणे किंवा चाकाखाली जाणे, यांतून एक निवडावे लागते. मोठी गाडी वेगाने जवळून गेली म्हणजे तिच्या वाऱ्याचा झोत प्रथम सायकलला बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. ज्याने हे एकदा अनुभवले आहे, त्याला याचे वेगळे वर्णन सांगावयास नको. या सर्वांचा विचार करून दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, एवढे अंतर सोडावे, असा मान अनेक देशांत ठरत गेला आहे. हे अंतर सायकलच्या चाकापासून मोजावयाचे नसून तिच्या हँडलच्या टोकापासून मोटारीच्या बाजूच्या आरशापर्यंत मोजावयाचे असते, हे ध्यानात ठेवावे.

आता असे अपघात टाळावयाचे म्हटले की सर्वसाधारणपणे काय केले जाते? सायकलवाल्याला उपदेश केला जातो. त्याने चकाकणारे कपडे घालावेत, डोक्याला हेल्मेट घालावे, कडेने जावे, दिवा लावावा, शक्य तर मोठ्या रस्त्याने जाऊच नये. यांतील काही सल्ला योग्य आहे. दिवा तर लावलाच पाहिजे. परंतु सारा उपदेश एकाच माणसाला का, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या पाहण्यातील एका कारखान्याची हकिकत सांगतो. कामगारांना आणणाऱ्या ठेकेदाराच्या बसने त्याच कारखान्याच्या एका सायकलस्वार कामगाराला पाळी सुटताना कट मारला. तो मातीत पडला, मनगट मोडले. चार दिवसांनी फलकावर नोटीस लागली की, सायकलने येणाऱ्या प्रत्येक कामगाराने स्वखर्चाने चकाकणारे जाकीट घ्यावे. बसचे वेळापत्रक होते तेच राहिले. बसच्या ड्रायव्हरला कोणी काही समजावून सांगितले नाही. नोटीस काढणारे अधिकारी दुष्ट होते, असे मुळीच नाही. धोका कोठून येतो हा प्रश्न त्यांच्या मनात उठलाच नाही, इतकेच.

कारखान्यात एके काळी असेच होते. साच्याच्या पट्ट्यात हात गेला तर हात असणाऱ्याचा दोष, असे मालक म्हणत आणि पुष्कळदा न्यायाधीशही म्हणत. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती आली. हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात तशी तरतूद झाली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग पक्का झाकण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. या तरतुदींमागचे तत्त्व साधे आहे. माणूस थकतो, चुकतो, क्षणभर दुसरीकडे पाहतो. तरीही यंत्राने त्याला धरता कामा नये. म्हणून जाळी बसवावयाची ती यंत्राला. रस्त्यावर मात्र दीड-दोन टनांचे यंत्र उघडेच फिरत असते, आणि ज्याच्या अंगावर शर्टाशिवाय काही नाही त्याला सांभाळून राहण्याची सूचना मिळते.

बर्मिंगहॅम हे नाव आपणांस वाटते तितके परके नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने हप्त्यांवर ज्या हर्क्युलिस आणि बी. एस. ए. सायकली घेतल्या, त्या दोन्ही नावांचे मूळ त्या शहरात आहे. हर्क्युलिस कंपनी तेथे १९१० साली निघाली. पुढे बर्मिंगहॅमच्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या सहकार्याने १९४९ साली मद्रासला सायकलींचा कारखाना निघाला. जगाला सायकली पुरविणारे ते शहर मागाहून मोटारींचे झाले. लाँगब्रिजचा प्रचंड मोटार कारखाना तेथलाच. रुंद रस्ते, भुयारी मार्ग, उड्डाणपूल यांच्यामध्ये सायकलस्वार नाहीसा होत गेला आणि जो उरला तो जीव मुठीत धरून जाऊ लागला. अशा शहरात ही मोहीम निघाली, हे विशेष.

बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि वुल्व्हरहॅम्प्टन ही शहरे ज्यांच्या हद्दीत येतात त्या वेस्ट मिडलंड्स पोलीस दलाच्या वाहतूक शाखेने प्रथम आपल्याच दप्तरातील अपघातांची छाननी केली. २०१० ते २०१४ या काळात ज्यांत सायकलस्वार ठार किंवा गंभीर जखमी झाले, असे अपघात त्यांनी तपासले. त्यांत असे आढळले की, मोटार व सायकल यांच्या टकरी बहुतांशी चौकाच्या किंवा फाट्याच्या अगदी जवळ झाल्या होत्या, आणि समोरून सायकल येते आहे हे मोटारवाल्याने पाहिलेच नाही, हे त्यांचे मुख्य कारण होते. यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो एखाद्या पोलीस दलाकडून सहसा ऐकू येत नाही. सायकलस्वारांना अडवून दिव्यांविषयी आणि कपड्यांविषयी समज देत बसण्यात आपला वेळ फुकट जातो, लक्ष मोटारवाल्यावर दिले पाहिजे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये मोहीम सुरू झाली.

तिची रीत अशी. साध्या वेषातील एक पोलीस शिपाई सायकलवर निघतो. सायकलीला कॅमेरा लावलेला असतो. तो नेहमीच्या सायकलस्वारासारखा, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने जातो. एखादी मोटार त्याला खेटून गेली की तो बिनतारी यंत्रावरून तिचा नंबर पुढे कळवितो. पुढे काही अंतरावर गणवेशातले सहकारी उभे असतात. ते ती मोटार बाजूला घेतात. ड्रायव्हरच्या नजरेची तेथल्या तेथे तपासणी होते. इंग्लंडात वीस मीटरवरून नंबराची पाटी वाचता येणे कायद्याने आवश्यक आहे. नंतर त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवतात. खटल्याला तोंड द्यावे, नाही तर दहा-पंधरा मिनिटे थांबून धडा घ्यावा. धडा घेण्यास जो तयार होतो, त्याला जमिनीवर अंथरलेल्या एका मोठ्या जाजमाजवळ नेतात. जाजमावर रस्ता रंगविलेला असतो. कडेपासून थोडे अंतर सोडून सायकल कोठे असावी आणि तिच्यापासून दीड मीटरवर मोटार कोठे असावी, हे त्यावर आखलेले असते. ड्रायव्हरने आपल्या डोळ्यांनी ते अंतर पाहावयाचे. पुष्कळांना पाच फूट म्हणजे किती, याची कल्पनाच नसते. ‘मी भरपूर जागा सोडली होती’ असे मनापासून म्हणणारा माणूस जाजमाकडे पाहून गप्प होतो. सायकलस्वार कडेला अगदी चिकटून का जात नाही, हेही त्याला तेथेच समजावून देतात.

ज्याने फारच बेफिकिरीने गाडी चालविली असेल किंवा ज्याला पूर्वी एकदा समज दिली असेल, त्याला हा धडा मिळत नाही. त्याच्यावर बेपर्वाईने गाडी चालविल्याचा खटला होतो. येथे कायद्याचा एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. २०१६ साली इंग्लंडच्या कायद्यात दीड मीटर हा आकडा कोठेही नव्हता. १९३१ पासून निघत असलेल्या ‘हायवे कोड’ या सरकारी पुस्तिकेत एवढेच म्हटले होते की, मोटारीला ओलांडताना जितकी जागा सोडता तितकी सायकलला सोडा. परंतु १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे, सक्षम व सावध ड्रायव्हरकडून जी अपेक्षा करावी तिच्याहून कमी दर्जाने गाडी चालविणे हा गुन्हाच होता. नवीन कायद्याची वाट न पाहता पोलिसांनी हे जुनेच कलम हाती घेतले. साधे प्रकरण जागच्या जागी मिटले तर १०० पौंड दंड आणि लायसनवर तीन दोषांक. तीन वर्षांत असे बारा अंक जमले म्हणजे लायसन जाते.

या मोहिमेवर दोन आक्षेप लगेच आले. पहिला असा की, साध्या वेषात फिरून माणसाला पकडणे ही फसवणूक आहे. आम्हांस हा आक्षेप पटत नाही. पोलिसाला पाहून जो जागा सोडतो आणि कामगाराला पाहून सोडीत नाही, त्याला जागा सोडणे माहीत आहे, एवढेच सिद्ध होते. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. पोलिसांच्याच छाननीप्रमाणे टकरी जर चौकात होतात, तर खेटून जाणाऱ्यांच्या मागे लागून काय साधणार?

पोलिसांचे उत्तर दुहेरी होते. एक तर माणसे सायकल सोडून देतात ती आकडेवारी वाचून नव्हे, तर कट बसल्यामुळे. रोज दोनदा मृत्यू कानाजवळून गेला म्हणजे महिन्याभरात माणूस सायकल विकून टाकतो. दुसरे म्हणजे, रस्त्यावरील कोणताही सायकलस्वार पोलीस असू शकेल, अशी शंका ड्रायव्हरच्या मनात एकदा रुजली की तो सायकलकडे पाहू लागतो. जो खेटून जात नाही तो सायकल बघून पुढे गेलेला असतो, आणि ज्याला रस्त्यात सायकल बघण्याची सवय लागली, त्याला ती चौकातही दिसते. एका जागी केलेल्या कारवाईचा परिणाम दुसऱ्या जागी व्हावा, अशी ही योजना होती. पोलीस शिपाई दोन-चारच असले तरी प्रत्येक साध्या सायकलस्वाराला त्यांच्या सावलीचा उपयोग होतो.

या म्हणण्याला आधार देणारे काही प्रयोग त्यापूर्वीच झाले होते. बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी आपल्या सायकलीला अंतर मोजणारे यंत्र बसवून दोन हजारांहून अधिक गाड्यांची मोजदाद केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. हेल्मेट घातले असता गाड्या सरासरीने सुमारे साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या, तर लांब केसांचा टोप घालून ते स्त्रीसारखे दिसू लागले तेव्हा गाड्यांनी अधिक जागा सोडली. मोटारींपेक्षा बस आणि ट्रक अधिक जवळून जात होते, आणि या प्रयोगातच त्यांना एकदा बसचा व एकदा ट्रकचा धक्का बसला. हेल्मेटच्या आकड्यांविषयी पुढे विद्वानांत बराच वाद झाला, आणि हेल्मेट घालू नये असा त्याचा अर्थ कोणी करू नये. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा प्रयोग आमच्या विषयाला अधिक लागू आहे. या वेळी सायकलस्वाराने निरनिराळ्या प्रकारचे सात पोशाख घातले. चकाकणारे जाकीट घाला, नवशिक्याची पाटी लावा, गाड्यांच्या अंतरात म्हणण्यासारखा फरक पडेना. फरक पडला तो एकाच जाकिटाने, आणि तोही थोडासाच. त्यावर पोलिसांचा उल्लेख होता आणि चित्रण चालू असल्याचे लिहिले होते. आणि काहीही घातले तरी शंभरांतील एक-दोन ड्रायव्हर अर्ध्या मीटरच्या आतूनच गेले. कपड्यांचा सल्ला किती दूर पोहोचतो, हे यावरून कळते.

मोहिमेचा परिणाम काय झाला? पहिल्या वर्षात आपल्या हद्दीत ठार व गंभीर जखमी झालेल्या सायकलस्वारांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी उतरली, असे वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सांगितले. एका वर्षाच्या आणि एका प्रदेशाच्या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये, हे आम्ही जाणतो. हवामान, रस्त्यांची कामे, नुसता योगायोग, अशी दहा कारणे असू शकतात. तथापि खर्च किती, तर काही शिपाई, एक सायकल, एक कॅमेरा आणि एक जाजम. एवढ्या स्वस्तात दुसरा कोणता उपाय होता, हेही विचारावयास पाहिजे. ब्रिटनमधील दुसऱ्या पुष्कळ पोलीस दलांनी हीच रीत उचलली. १८७८ साली स्थापन झालेल्या, आज ‘सायकलिंग यू. के.’ या नावाने चालणाऱ्या संस्थेने २०१७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून सर्व दलांना अशी जाजमे देण्याची व्यवस्था केली. पोलिसांनी नागरिकांकडून आलेली चित्रणेही पुरावा म्हणून घेण्यास आरंभ केला. अशा प्रकरणी मोटारीच्या मालकाला चौदा दिवसांच्या आत नोटीस जावी लागते. शेवटी २९ जानेवारी २०२२ रोजी ‘हायवे कोड’ बदलला आणि त्याच्या १६३ व्या नियमात आकडा आला. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर, वेग अधिक असेल तर अंतरही अधिक. त्याच वेळी असेही तत्त्व घातले गेले की, ज्याच्या वाहनाने अधिक मोठी इजा होऊ शकते त्याच्यावर धोका कमी करण्याची अधिक मोठी जबाबदारी आहे. हे वाचून आम्हांस १८४४ च्या यंत्रावरील कुंपणाची आठवण झाली.

इतर देशांनी आकडा आधी कायद्यात घातला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने १९७३ सालीच तीन फुटांचा नियम केला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये २०१४ साली ताशी ६० किलोमीटरपर्यंत एक मीटर आणि त्यापुढे दीड मीटर असा नियम प्रयोगादाखल आला आणि पुढे कायम झाला. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड व वस्तीबाहेर दोन मीटर ठरविले. परंतु आकडा असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. धावत्या मोटारीचे अंतर मोजावयाचे कसे, ही अडचण क्वीन्सलंडच्या पोलिसांना जाणवली. अमेरिकेतील चॅटनूगा शहराच्या पोलिसांनी २०१५ मध्ये सायकलवर ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे यंत्र बसविले. बर्मिंगहॅमच्या शिपायांनी यंत्राच्या भानगडीत न पडता, रस्त्याची रुंदी, वेग आणि गाडीचा आकार पाहून आपली नजर व कॅमेरा यांवर भिस्त ठेवली. तात्पर्य, कायद्यात आकडा नसताना बर्मिंगहॅममध्ये काम झाले, आणि आकडा असून काम न झाल्याची उदाहरणे कोणत्याही देशात सापडतील. प्रश्न मुख्यतः कोणीतरी रस्त्यावर उतरून पाहण्याचा आहे.

येथपर्यंत पोलीस आणि सायकलस्वार यांच्याविषयी बोललो. आता ज्याची बाजू घेणे हा आमचा रोजचा धंदा आहे, त्या ड्रायव्हरविषयी बोलणे प्राप्त आहे. बसचा किंवा ट्रकचा ड्रायव्हर हाही कामगारच. त्याचे लायसन हेच त्याचे भांडवल. असा एखादा सभासद अडविला गेला की युनियनचा सेक्रेटरी त्याच्या पाठीशी उभा राहणारच, आणि राहिलेच पाहिजे. मग आम्ही या मोहिमेचे गुणगान कसे गातो? त्याचे कारण असे की, पहिल्या चुकीला शिक्षण आणि दुसऱ्या चुकीला शिक्षा, ही मागणी आम्ही कारखान्यात सदैव करीत आलो आहोत. पहिल्याच दिवशी चार्जशीट देणाऱ्या व्यवस्थापकाहून जाजम अंथरणारा शिपाई बरा. त्याने ड्रायव्हरचे लायसनही वाचविले आणि सायकलवाल्याचा जीवही. पण आमची एक तक्रार उरतेच. ज्या बसला पस्तीस मिनिटांची फेरी पंचवीस मिनिटांत करावयास सांगितलेली आहे, तिचा ड्रायव्हर सायकलमागे थांबेल कसा? तो पाच सेकंद थांबला तर ते पाच सेकंद त्याच्या जेवणाच्या सुटीतून जातात. जाजमावर ड्रायव्हर उभा केला जातो, वेळापत्रक आखणारा साहेब उभा केला जात नाही. कारखान्यातही हात तुटल्यावर प्रथम कामगाराला विचारतात, उत्पादनाचा वेग कोणी वाढविला हे शेवटी विचारतात. लंडनमध्ये ट्रक-ड्रायव्हरांसाठी एका दिवसाचा वर्ग चालविण्यात आला, त्यात अर्धा वेळ ड्रायव्हरला रहदारीत प्रत्यक्ष सायकल चालवावयास लावीत. असा वर्ग पगारी वेळात घ्यावा, आणि त्यात वेळापत्रक आखणाऱ्यांनाही सायकलवर बसवावे, अशी मागणी कोणतीही युनियन उजळ माथ्याने करू शकेल.

राहिला प्रश्न आपल्याकडचा. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामाला जाणाऱ्यांची मोजणी झाली, तेव्हा शंभरांतील सुमारे तेरा माणसे सायकलने कामाला जात होती. ही संख्या अडीच कोटींच्या वर भरते. ज्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तेथे पाळी सुटल्यावर सायकलींनी भरून वाहणारे रस्ते आमच्या वयाच्या लोकांनी पाहिले आहेत. आज तेथे सायकलवर उरला आहे तो बहुतेक दुसरे वाहन घेणे न परवडणारा माणूस, म्हणजे ठेकेदारीवरचा मजूर, रखवालदार, पेपर टाकणारा पोरगा. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने, कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे याचा धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये स्पष्ट समावेश झाला आहे. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद अशी त्यात तरतूद आहे. त्या कलमात मीटरचा आकडा नाही. पण तो बर्मिंगहॅमलाही नव्हता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सायकलस्वार हा त्यांतला लहान भाग. परंतु सायकलकडे पाहण्याची सवय ज्या ड्रायव्हरला लागेल, त्याला पायी चालणारी म्हातारीही दिसेल आणि शाळेचे पोरही.

सायकलला स्वतंत्र रस्ता असावा, हा खरा उपाय, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, त्यातही अशा मार्गांचा विचार आहे. हॉलंडसारखे मार्ग झाले तर आम्हांस आनंदच होईल. पण प्रत्येक वस्तीपासून प्रत्येक कारखान्याच्या फाटकापर्यंत तसा मार्ग होईपर्यंत कामगाराने काय करावे? त्याची पाळी उद्या सकाळी सातला आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर पाळी भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, महिन्यातून चार दिवस, साध्या वेषातला एक शिपाई सायकलवर निघावा आणि पुढच्या नाक्यावर एक जाजम अंथरलेले असावे. जाजमाचा खर्च करण्यास कारखानदार तयार नसले तर युनियनांनी वर्गणी काढावी. ड्रायव्हरांच्या संघटनांनी या कामाला विरोध न करता, वेळापत्रकाचा प्रश्न त्याच जाजमावर आणून ठेवावा. कारखान्यांनी सायकलस्वारांसाठी नोटीस काढण्यापूर्वी आपल्या बसच्या ठेक्यातील अटी एकदा वाचून पाहाव्यात. आणि येथे जमलेल्या श्रोत्यांपैकी जे मोटारीने आले असतील, त्यांनी घरी गेल्यावर टेप घेऊन अंगणात आपल्या मोटारीच्या आरशापासून दीड मीटर मोजून पाहावे. हे अंतर आपण समजत होतो त्याहून बरेच मोठे आहे, असे बहुतेकांना आढळून येईल.